दुनाळीवरचं नाव कसं वाचायचं
भांड्यांवर नावं घालण्यात माझी चाळीस वर्षं गेली. म्हणून ओळखीच्या एका गृहस्थांनी आजोबांची परवान्याची दुनाळी मला दाखवायला आणली. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही’ आणि लंडनचा पत्ता, तेव्हा बंदूक लंडनची, अशी घरातली समजूत.

आधी बंदूक रिकामी आहे ना, ते परवानाधारकाला बघू द्या. नळ्याही त्यालाच सोडवू द्या. ब्रासो आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. बॅटरी अगदी आडवी धरून भिंगातून रेघेची कड बघा. कोरलं की धातू निघून जातो, रेघेला टोक येतं. ठसा मारला की धातू जात नाही, कडेला फुगतो.

बाजूच्या लॉकप्लेटवर, म्हणजे चाप-घोड्याची कळ झाकणाऱ्या पत्र्यावर, नाव कोरत ते लोखंड मऊ असताना. मग हाडांच्या कोळशात, पेटीत बंद करून लाल तापवत आणि पाण्यात सोडत. वरचा थर इतका कडक होतो की माझी छिन्नी नुसती घसरेल. वर निळे-तपकिरी ढग उठतात. ते ढग अक्षरांच्या तळातही असतील तर नाव मूळचं. ढग झिजून गेले असतील तर मात्र यावरून काही ठरवू नका.

मधली पट्टी मऊच राहते, तिथे नाव कधीही घालता येतं. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे कित्येक बंदूक-कारखाने दुकानदाराचं नाव घालून माल देत. लग्नाच्या भांड्यावर ‘मामाकडून’ घालतो, म्हणून मामा तांबट होत नाही. आर्मी अँड नेव्ही हे दुकानच. मुंबईत काळा घोड्याला त्यांची इमारत अजून त्याच नावानं उभी आहे.

आता नळ्या उलट्या करा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, म्हणजे नळ्यांची परीक्षा घेणारी जागा, १८१३चं. तिथे जादा दारू भरून बार काढत आणि नळी टिकली तरच पोलादी ठसा हातोडीनं मारत. १९०४पूर्वीचा तिथला ठसा म्हणजे फुलीसारखे दोन राजदंड, वर मुकुट. लंडनचा म्हणजे मुकुटाखाली जी आणि पी गुंफलेले. ‘नॉट फॉर बॉल’ दिसलं तर नळी तोंडाशी आवळलेली, ठसा १८७५ ते १८८७मधला. तिच्यात छर्रेच चालत, एकसंध गोळी नाही.

इथे राजदंड निघाले. गृहस्थ जरा खट्टू झाले. मी मात्र भिंग हलवेना. एक राजदंड दुहेरी उमटला होता. हातोडी उसळली की ठसा असाच सरकतो, माझाही सरकतो.