खाऱ्या वाऱ्यात गुलाबी गुच्छ: कोकणातल्या अंगणासाठी फ्लोरिबंडा

समुद्राजवळ गुलाब होत नाही असं आमच्या गुहागरात कोणीही सांगेल, आणि तीन झाडं मारून झाल्यावर मीपण तेच सांगायला लागले होते. चौथं जगलं, आता त्याला सहा वर्षं झाली आणि दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत थांबून थांबून फुलत असतं. मी काही रोज त्याच्यामागे लागत नाही, आठवड्याला फार तर अर्धा तास. पण पहिली तीन का मेली ते कळल्यावरच हे जमलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी झाड कुठलं घ्यायचं ते. फुलवाल्याकडे लांब दांडीचा एकेक मोठा गुलाब असतो ना, ते हायब्रिड टी. दिसायला राजेशाही पण आपल्या हवेत फार रुसतं. फ्लोरिबंडा म्हणजे गुच्छ गुलाब, एका दांडीवर पाच-सात, कधी दहा-बारा फुलं, फूल जरा लहान पण झाड काटक. ही जात मुळात डेन्मार्कच्या पोलसन घराण्याने थंडीवाऱ्यात टिकेल असा गुलाब हवा म्हणून तयार केली, 1924 सालचा त्यांचा एल्स पोलसन गुलाबीच होता. आपल्याकडे कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी काढलेली दिल्ली प्रिन्सेस आहे, गडद गुलाबी, शिवाय प्रेमा आणि सदाबहार ही दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची गुलाबी फ्लोरिबंडा. आता खरं सांगायचं तर नर्सरीत नाव विचारलंत तर दहातल्या नऊ वेळा "पिंक आहे ताई" एवढंच उत्तर मिळतं. मग नावाचा नाद सोडा, झाड नीट बघा. एका दांडीवर गुच्छ हवा, पानं जाडसर आणि चकचकीत हवीत (खारा वारा पातळ पानांना आधी जाळतो), बुंध्यातून निदान तीन फांद्या निघालेल्या हव्यात आणि उंची दोन-तीन फुटांत राहणारी हवी. क्वीन एलिझाबेथ नावाचा गुलाबी गुलाब मिळतो, सुंदर आहे, पण तो माणसाएवढा वाढतो आणि वाऱ्यात लडबडतो, छोट्या अंगणात नकोच.

आता जागा. माझी पहिली दोन झाडं जागेपायी गेली. मी ती पुढच्या अंगणात लावली होती, रस्त्यावरून दिसावीत म्हणून, आणि पुढचं अंगण म्हणजे पश्चिम, म्हणजे थेट समुद्र. दुपारी खारा वारा सुटला की पानांवर मीठ बसतं, कडा तपकिरी होतात, मग पान गुंडाळतं आणि गळतं, आणि आपण मात्र पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी पाणी घालत बसतो. आपला समुद्र पश्चिमेला आहे एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं काम झालं: गुलाब घराच्या पूर्वेला लावा. सकाळचं पाच-सहा तास कोवळं ऊन मिळतं, दुपारचा कडक तडाखा आणि वारा दोन्ही घर अडवतं. मतलई वारा जमिनीकडून येतो, त्याचा काही त्रास नाही.

पूर्वेला जागाच नसेल तर आडोसा करावा लागेल. पण नुसता उंच गडगा घालून भागत नाही, वारा भिंतीवरून उडी मारून आत घुसळतो. त्यापेक्षा जास्वंदीचं नाहीतर मेंदीचं कुंपण बरं, त्यातून वारा गाळून येतो. आणि अजून एक, पागोळ्यांखाली लावू नका. उन्हाळ्यात ती जागा रिकामी आणि छान वाटते, जूनमध्ये कौलांवरची धार पडून मुळं उघडी पडतात.

लावायचं कधी? आपल्याकडे झाड म्हटलं की मृगाचा पाऊस, सगळं जूनमध्ये लावायचं. माझं तिसरं झाड असंच गेलं. चार महिने ओल्या मातीत नवीन मुळं धरतच नाहीत, कुजतात. गुलाब ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात लावा, पाऊस गेला की. थंडीचे महिने मिळतात तेवढ्यात झाड जम धरतं आणि पुढच्या पावसाला तोंड द्यायला तयार होतं.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. आमच्यासारखी पुळणीची, म्हणजे वाळूची माती असेल तर पाणी थांबत नाही आणि खतही थांबत नाही, म्हणून निम्मी लाल माती बाहेरून आणून घाला, उरलेल्यात कुजलेलं शेणखत. जांभ्याची जागा असेल तर उलट प्रॉब्लेम, खाली कातळ लागतो आणि खड्ड्यात पावसाचं पाणी हौदासारखं साठतं. तिथे खोदत बसू नका, जमिनीवरच चिऱ्यांचा फूटभर उंच वाफा बांधा आणि त्यात लावा. दोन्हीकडे दोन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर बोनमील. कोकोपीट घालणार असाल तर आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, कारण ज्यापासून ते करतात ती नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवलेली असली तर त्यात मीठ राहतं आणि मग आपणच झाडाला मीठ खाऊ घालतो!

पिशवी काढल्यावर मुळांभोवती कडक चिकण मातीचा गोळा निघाला (बाहेरून येणाऱ्या रोपांत हमखास असतो) तर तसाच पुरू नका. बादलीत अर्धा तास ठेवा, बाहेरची माती हलक्या हाताने सुटू द्या, मग लावा. कलमाचा जोड, म्हणजे डोळा भरल्याची गाठ, मातीच्या वर दोन बोटं राहिली पाहिजे. ती पुरली गेली तर पावसात तिथूनच सड सुरू होते. दोन झाडांत दोन फूट अंतर. जास्त गर्दी केली की हवा खेळत नाही आणि मग काळे ठिपके आलेच म्हणून समजा.

पाणी गोडं हवं यात तडजोड नाही. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, माडाला चालतं, गुलाबाला नाही. तेव्हा मी तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी ठेवते, ते पुरतं. मासे धुतलेलं पाणीसुद्धा चालतं, झाड खूश होतं, मांजरंही होतात. फक्त मीठ लावून धुतलेल्या मासळीचं नको आणि सुक्या मासळीचं तर अजिबातच नको. थंडीत दोन-तीन दिवसांनी, उन्हाळ्यात रोज सकाळी, आळ्यात, बुंध्याशी. पानांवर पाणी एरवी घालायचं नाही पण वादळी खारा वारा येऊन गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गोड्या पाण्याने झाड वरून एकदा स्वच्छ धुवायचं, म्हणजे दिवसभरात पानं वाळतात. हे एवढं एक काम मी चुकवत नाही.

छाटणी म्हटलं की लोक घाबरतात नाहीतर कोयता घेऊन सुटतात. फ्लोरिबंडाला फार छाटायचं नसतं, एक तृतीयांश बास. ऑक्टोबरच्या मध्याला, कोजागिरीच्या आसपास, पाऊस पूर्ण थांबलाय याची खात्री झाली की धारदार सिकेटरने (फांद्या कापायच्या कात्रीने) वाळक्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वाढलेल्या फांद्या काढा, बाकीच्या बाहेरच्या डोळ्याच्या जरा वर तिरक्या कापा. तिथून साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पहिला बहर. कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. आमच्याकडे पोफळीवर कोळेरोगासाठी बोर्डो फवारतात त्यामुळे मोरचूद कोणाकडे ना कोणाकडे मिळतोच: शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, मग एकत्र ढवळायचं. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर आणखी चुना घाला. ही पेस्ट न लावल्यास फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते आणि आपल्या दमट हवेत ती थांबतच नाही. तसं झालंच तर काळ्याच्या खाली दोन बोटं हिरव्या भागात कापून पुन्हा पेस्ट.

खत छाटणीनंतर एकदा, घमेलंभर शेणखत आणि मूठभर पेंड, जानेवारीच्या शेवटी त्याच्या निम्मं. पावसात काहीही नाही, वाहूनच जातं. चहाचा चोथा घालायचा तर धुऊन घाला, साखरेला मुंग्या येतात आणि मुंग्यांमागे मावा.

गुच्छातली मधली कळी सगळ्यात आधी उमलते, ती लहान असतानाच खुडली की बाकीच्या सगळ्या जवळजवळ एकदम फुलतात, मस्त दिसतं. गुच्छ संपला की एकेक फूल तोडत बसू नका, एका देठावर पाच छोटी पानं असतात तशा खालच्या पहिल्या पानापर्यंत सगळा गुच्छ कापून टाका, तिथून नवी फूट येते.

पावसाळ्याबद्दल आशा ठेवू नका. काळे ठिपके येणार, पानं गळणार, जुलैत झाड काटक्यांसारखं दिसणार. गळलेली पानं उचलून लांब टाका (कंपोस्टमध्ये नको), बुंध्याजवळचा पालापाचोळा जूनआधी काढून घ्या, आळं मोडून माती बुंध्याकडे उंच ओढा, बस्स. कुंडीत असेल तर पडवीत घ्या. डिसेंबर-जानेवारीत मळभ येऊन आंब्याच्या मोहरावर भुरी दिसायला लागली की इथेही पांढरी पावडर शोधा, तशाच हवेत येते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, थंड वेळी फवारायचं, कडक उन्हात पानं भाजतात. मावा आला तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, दोन थेंब साबण, संध्याकाळी.

आणि एक दिवस झाडाच्या बुडातून सरळसोट, फिकट हिरवी, जोमदार फूट येईल आणि तुम्हाला वाटेल वा, काय वाढतंय! नीट बघा. जोडाच्या खालून आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केलंय त्या मूळ झाडाची आहे, गुलाबी फूल तिला कधीच येणार नाही आणि वरचं सगळं अन्न तीच खाईल. वरून कापली तर दुपटीने येते, माती बाजूला करून जिथून निघालीये तिथून ओढून काढा. शेजारच्या काकूंनी ही फूट जोमदार दिसते म्हणून दोन वर्षं जपली, आता त्यांच्याकडे कुंपणाएवढं काटेरी झुडूप आहे आणि गुलाबाची फुलं त्या माझ्याकडून नेतात.