जास्वंद बाहेर काढण्याआधी

हिवाळाभर घरात सांभाळलेली जास्वंदीची कुंडी बाहेर काढायची वेळ जवळ आली की मला धाकधूक होते. मागच्या वर्षी मी हे काम पार बिघडवलं. पाच महिने खिडकीपाशी जपलेलं झाड पहिल्या उबदार सकाळी उचललं आणि थेट उन्हात नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे उमटले आणि आठवडाभरात निम्मी पानं गळून पडली. म्हणून यंदाची तयारी लिहून काढतेय, आणि मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: सावली. बाहेर आलेली जास्वंद आधी सावलीत राहते.

त्याआधी रात्रीचा पारा बघायचा. दिवसा कितीही ऊब असो, रात्री तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली जात असेल तर कुंडी हलवायची नाही. मी तर 12-13 अंशांवर पारा आठवडाभर टिकेपर्यंत थांबते. आपली नेहमीची चिनी जास्वंद, हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, उष्ण हवेतलं झाड आहे. गारठ्याने तिची पानं पिवळी पडून गळतात आणि हिमकण धरले तर झाडच जातं. बर्फातही जमिनीत तगून राहणारी सिरियाकस जास्वंद वेगळी, तिचा अनुभव इथे लावू नका.

कीड घरात असतानाच तपासायची. बंद खोलीतल्या कोरड्या हवेत लाल कोळी फार माजतो. पान उलटून बघा, बारीक जाळी किंवा ठिपके दिसतील. कोवळ्या शेंड्यांवर मावा, पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, आणि फांदी हलवली की उडणारी पांढरी माशी. पाण्याच्या जोरदार धारेने पानं दोन्ही बाजूंनी धुवायची आणि गरज वाटली तर सौम्य साबणाचं पाणी फवारायचं. फवारणीनंतर लगेच ऊन नको.

छाटणी याच सुमारास. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे लांबलेल्या काटक्यांचा मोह धरू नका. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागेच्या, जरा वर, धारदार कात्रीने कापायचं, पण एक तृतीयांशाहून जास्त नाही. पहिली फुलं काही आठवडे उशिरा येतील, येऊ देत. कुंडी बदलायची ती फक्त खालच्या भोकातून मुळं डोकावत असतील तर, आणि नवी कुंडी 3 ते 5 सेंटीमीटरच रुंद. छाटणी, नवी माती आणि बाहेरची हवा हे सगळं एकाच आठवड्यात झाडावर लादू नका.

आता सावली. तुम्ही म्हणाल, खिडकीत तर रोज ऊन येत होतं. मीही हेच धरून चालले होते आणि तिथेच चुकले. खिडकीची काच उन्हातले बरेचसे अतिनील किरण अडवते. शिवाय घरातल्या कमी उजेडात फुटलेलं पान पातळ असतं, उघड्या उन्हाशी त्याची ओळखच नसते. असं पान एका दुपारीत करपतं आणि करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. म्हणून पहिले तीन-चार दिवस पूर्ण सावली, झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी. मग सकाळचं कोवळं ऊन एक तास. दर एक-दोन दिवसांनी तास वाढवत न्यायचा. दुपारचं ऊन सगळ्यात शेवटी, साधारण दोन आठवड्यांनी. आभाळ भरलेलं आहे म्हणून ही पायरी गाळायची नाही, कारण दुपारी आभाळ फाकतं तेव्हा तुम्ही घरी नसता. दिवसभर बाहेर जाणार असाल तर त्या दिवशी कुंडी सावलीतच ठेवा. ती कुठे ठेवणार ते उचलण्याआधी ठरवा, जड कुंडी हातात आली की माणूस जवळच्या मोकळ्या जागी टेकवतो, आणि मोकळी जागा म्हणजे बहुतेक वेळा उन्हाची. सावलीत. पुन्हा सांगते, आधी सावलीत.

काही पानं तरीही पिवळी पडतील, एखाद-दुसरी कळीही गळेल. जागा बदलली की एवढं होतंच, घाबरून लगेच आत नेऊ नका. पानभर चट्टा नसेल तर पान तोडूही नका, उरलेला हिरवा भाग नवी फूट येईपर्यंत झाडाला पोसतो.

पाणी बाहेर जास्त लागतं. दोन सेंटीमीटर खोल माती कोरडी लागली की द्यायचं. कुंडीखालची बशी काढा, पावसाचं पाणी साचून मुळं कुजतात. खत नवी पालवी दिसल्यावरच, पालाश (पोटॅशियम) जास्त आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेलं. रात्री पारा घसरणार असेल तर कुंडी आत, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढताना पुन्हा सावलीतच.