मुलांना वंदना अर्थासकट कशी शिकवावी

नागपूरच्या आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मी मुलांचा वर्ग घेते. त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं आणि पाच शीलं) बहुतेकांना तोंडपाठ असतं, पण अर्थ विचारला की माना खाली जातात. माझंही तसंच होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली तेव्हा माझी आजी पांढरं लुगडं नेसून त्या मैदानात बसली होती. तिने शिकवलेली वंदना मी कित्येक वर्षं नुसतीच म्हणत आले. धम्माचा गाभा त्या ओळींतच आहे, एकेक शब्द सोडवून द्यावा लागतो एवढंच.

पहिल्या दिवशी पाठांतर नको. कागदावर चार ठिपके काढा: बुद्धांचा जन्म झाला ते नेपाळच्या तराईतलं लुंबिनी, गयेजवळचं बोधगया, काशीजवळचं सारनाथ आणि कुशीनगर. सिद्धार्थाने २९ व्या वर्षी घर सोडलं, ३५ व्या वर्षी पिंपळाखाली त्याला बोधी मिळाली, ८० व्या वर्षी कुशीनगरला महापरिनिर्वाण झालं. मुलांच्या डोक्यात आकडे टिकत नाहीत, अंतर टिकतं. बोधगया ते सारनाथ अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नागपूरहून पायी निघून अकोला गाठायचं. कशासाठी? तर कठोर उपासतापास सोडले म्हणून साथ सोडून गेलेल्या पाच सोबत्यांना बुद्धांना आपल्याला उमगलेलं आधी सांगायचं होतं.

घर का सोडलं, हे मुलं विचारतातच. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिल्याची गोष्ट सांगा, पण तिथेच थांबू नका. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे बाबासाहेबांना पटलं नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेल्या भांडणाची हकिकत पुढे ठेवली. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडलं. वस्तीतल्या नळावरचं भांडण पाहिलेल्या मुलांना ही हकिकत लगेच कळते.

मग ‘सरणं गच्छामि’. शरण म्हणजे लोटांगण नव्हे, आधार. बुद्ध वाट दाखवतात, चालायचं आपण. ‘देवा, मला पास कर’ अशी मागणी इथे नाही, हे पहिल्यांदा ऐकून मुलं गप्प होतात. होऊ द्या.

पंचशिलात सगळ्यात जास्त वेळ ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ या शब्दांना द्या. वेरमणी म्हणजे दूर राहणं, सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, समादियामि म्हणजे मी स्वतःहून घेते. कुणी हुकूम सोडलेला नाही. ‘अदिन्नादाना’ला, म्हणजे न दिलेलं घेण्याला, शेजारच्याचं न विचारता उचललेलं शार्पनर पुरतं. ‘कामेसु मिच्छाचारा’ (कामवासनेतलं गैरवर्तन) टाळून पुढे जाऊ नका. कुणाच्याही अंगाला त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही, आणि आपल्याला कुणी लावला तर घरी सांगायचं, एवढं लहानांनाही सांगता येतं. पाचवं शील दारूचं. ते म्हणताना माझ्या वर्गातल्या एका मुलीचा आवाज दर वेळी खाली जायचा. अशा वेळी त्या मुलाकडे पाहू नका, घरच्यांचा विषय काढू नका. ‘पमादट्ठाना’ या शब्दाचा अर्थ सांगा: जिथून बेसावधपणा सुरू होतो ती जागा. पुढे मग ती मुलगी स्वतःच बोलायला आली.

पहिलं शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. एकाने विचारलं, डास मारला तर ते मोडतं का? मी म्हटलं, मोडतं, म्हणून डास होऊच द्यायचे नाहीत. कूलरचं पाणी बदला, टाकी झाका, मच्छरदाणी लावा. असा प्रश्न आला की रागावू नका. कुणी म्हणतं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, असं भगवंतांनी केसपुत्त गावच्या कालाम लोकांना सांगितलं होतं.

चार आर्यसत्यांसाठी फळा लागत नाही, फूल लागतं. पुष्पपूजेत आपण म्हणतो, ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’. हे फूल कोमेजतं तसं हे शरीरही. रविवारी वाहिलेलं झेंडूचं फूल आठवडाभर ताटलीत राहू द्या आणि रोज मुलाला हातात घेऊन पाहायला सांगा. बुधवारी कडा तपकिरी होतात, शनिवारी पाकळ्या बोटाला लागून गळतात. मग विचारा: हे तसंच राहावं असं वाटलं का? वाईट वाटलं का? वाईट वाटणं हे दुःख, ‘तसंच राहावं’ ही तृष्णा. ती सुटली की दुःख सुटतं आणि सोडायला वाट आहे, हे पुढचं. ती वाट म्हणजे अष्टांगिक मार्ग, त्याची आठही नावं त्याच दिवशी पाठ करून घेऊ नका. त्या आठवड्यापुरती ‘सम्मा वाचा’ धरा. खरं बोलायचं, पण टोचून नाही.

शेवटी दोन मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, आणि ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’. ज्याच्याशी सकाळी भांडण झालं, त्याचं नाव मुलाने मनातल्या मनात घ्यावं. मोठ्याने घ्यायला लावू नका.