जुन्या सँपलरचा फ्लॉपी ड्राइव्ह बदलताना या चुका टाळा

रोलँडचा डब्ल्यू-30 हा 1989 सालचा सँपलर कीबोर्ड, म्हणजे ध्वनिमुद्रित केलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणारे वाद्य, सुरू होताना आपली कार्यप्रणाली फ्लॉपीवरून वाचतो. त्यामुळे ड्राइव्ह बंद पडला की 61 पट्ट्यांचे हे वाद्य मुके होते. ड्राइव्ह बदलण्याची घाई म्हणूनच समजण्यासारखी आहे. परंतु अशी वाद्ये दुरुस्त करताना मला वारंवार दिसते ते असे की, बिघडलेल्या ड्राइव्हने जितके नुकसान होत नाही तितके घाईच्या दुरुस्तीने होते. ड्राइव्ह आजही मिळतो आणि त्याला पर्यायही आहेत. फ्लॉपीवरचा आवाज एकदा गेला की तो कोठेही मिळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जपून ठेवलेल्या फ्लॉप्यांवरच ड्राइव्हची परीक्षा घेणे. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपताना सांगलीकडच्या एका वाद्यवृंदात वाजवणारा तरुण आपला डब्ल्यू-30 घेऊन माझ्याकडे आला. “काका, चारही फ्लॉप्या घालून पाहिल्या, एकही वाचत नाही. ड्राइव्हच गेलाय,” असे त्याने सांगितले. मी पहिल्या फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली, तेव्हा आतल्या तपकिरी चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले आणि बाहेरच्या कडेजवळ केसाएवढी चकचकीत वर्तुळाकार रेघ दिसली. त्या रेघेवरचा चुंबकीय थर पूर्ण खरवडला गेला होता. बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकतीवरून माहिती वाचणाऱ्या भागाला, चिकटली होती. शून्य क्रमांकाचा ट्रॅक, म्हणजे चकतीवरचे माहितीचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ, वाचता येत नाही म्हणून हेड तेथेच थांबून घासत राहिले होते, आणि त्याच मळक्या हेडखाली त्याने उरलेल्या तीन फ्लॉप्या एकामागून एक घातल्या होत्या. तिसऱ्या फ्लॉपीवर त्याच्या वडिलांनी वाजवलेल्या संबळाचे ठोके होते. वडील हयात नव्हते आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती. ग्रीझवीझल हे चकतीवरचे कच्चे चुंबकीय संकेत संगणकावर वाचून घेणारे उपकरण लावून मी त्या फ्लॉपीतून जे वाचता येईल ते वाचले. काही ठोके मिळाले, परंतु जेथे थरच उरला नव्हता तेथे वाचण्यासारखे काहीच नव्हते. ड्राइव्हमध्ये हेडवरच्या मळाखेरीज कोणताही दोष नव्हता.

तेव्हापासून फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी मी झडप सरकवतो, मागचे धातूचे चाक बोटाने सावकाश फिरवतो आणि दिव्याखाली चकतीचा पूर्ण फेरा दोन्ही बाजूंनी पाहतो. एक जरी ठिपका दिसला तरी ती फ्लॉपी बाजूला ठेवतो. संरक्षणाची लहान खिडकी उघडी ठेवतो, म्हणजे चुकून काही लिहिले जात नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसतो, मात्र वरच्या हेडचा दांडा आवश्यकतेपेक्षा किंचितही अधिक उचलत नाही, कारण तो ज्या पातळ पट्टीवर तोललेला असतो ती वाकली की दोन हेडांची जुळणी बिघडते. पहिली चाचणी नेहमी टाकाऊ फ्लॉपीवर करतो. मालकाच्या फ्लॉप्यांची प्रतिमा, म्हणजे तंतोतंत नक्कल असलेली फाइल, आधी संगणकावर उतरवून घेतो. 80 ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकचे 9 सेक्टर म्हणजे तुकडे आणि सेक्टरमागे 512 बाइट असा हिशेब असल्याने पूर्ण फाइल 737280 बाइटची होते. त्याहून लहान फाइल मिळाली तर काम थांबवून पुन्हा वाचावे.

रबरी पट्टा तपासण्यापूर्वी ड्राइव्ह फेकू नये. त्या काळातल्या अनेक ड्राइव्हमध्ये चकती पट्ट्याने फिरते. जुना पट्टा डांबरासारखा वितळून कप्पीला चिकटतो आणि बोटे काळी करतो. कप्पी नीट पुसून नवा पट्टा चढवला की ड्राइव्ह पुष्कळदा चालू होतो.

दुसरी हट्टी चूक म्हणजे संगणकाचा ड्राइव्ह जसाच्या तसा लावणे. दोन्हीकडे 34 तारांची पट्टीच असते, म्हणून नवशिके ती खोचतात आणि मोटर फिरते, दिवा लागतो, तरी वाद्य फ्लॉपी नसल्याचे का सांगते याचा दिवसभर विचार करत बसतात. संगणकाचा ड्राइव्ह सहसा 12 क्रमांकाच्या पिनवरील हाकेला उत्तर देतो, तर अनेक सँपलर 10 क्रमांकाच्या पिनवरून हाक मारतात. शिवाय 34 क्रमांकाच्या पिनवर संगणकाला ‘फ्लॉपी बदलली’ हा संकेत हवा असतो आणि अनेक जुन्या वाद्यांना ‘ड्राइव्ह तयार आहे’ हा संकेत हवा असतो. ती पिन कायमची ग्राउंडला जोडून मोकळे होण्याचा सोपा मार्ग मला मुळीच मान्य नाही, कारण मग ड्राइव्ह रिकामा असतानाही वाद्याला तो तयार असल्याचे कळते. मूळ ड्राइव्ह काढण्यापूर्वी त्यावरच्या प्रत्येक जंपरचे, म्हणजे पिना जोडून ड्राइव्हची मांडणी ठरवणाऱ्या लहान टोपीचे, छायाचित्र घ्यावे आणि जंपर बदलता येणारा ड्राइव्ह शोधावा. टीअ‍ॅकच्या एफडी-235 मालिकेतल्या जुन्या ड्राइव्हांपैकी काहींवर ही सोय असते. त्यासाठी महिनाभर थांबावे लागले तरी थांबावे.

चालू करताच दिवा लागून विझतच नसेल तर केबल बहुधा उलटी बसली आहे. विजेच्या जोडणीवर 5 आणि 12 व्होल्ट कोठे आहेत हे तारांच्या रंगावरून ठरवू नये, मीटर लावून पाहावे.

एचडी (1.44 एमबीच्या) फ्लॉपीच्या भोकावर चिकटपट्टी लावून ती डीडी (वाद्याला लागणारी 720 केबीची) म्हणून वापरू नये. तिचा चुंबकीय थर वेगळा असतो आणि त्यावर लिहिलेले टिकेल याची खात्री नसते.

गोटेकसारखा यूएसबी अनुकारक, म्हणजे पेन ड्राइव्हवरच्या फाइली वाद्याला फ्लॉपी म्हणून दाखवणारे उपकरण, मी स्वतः बसवतो. त्यातली मूळ प्रणाली संगणकाच्या 1.44 एमबी फ्लॉपीसाठी असते, म्हणून फ्लॅशफ्लॉपी ही पर्यायी प्रणाली चढवावी लागते आणि तिच्या एफएफ.सीएफजी या मांडणीच्या फाइलमध्ये जोडणीचा प्रकार वाद्याप्रमाणे लिहावा लागतो. तो बसवण्यासाठी वाद्याची पेटी कापू नये, आणि काढलेला मूळ ड्राइव्ह पिशवीत बांधून मालकाच्या हाती द्यावा.

नवा ड्राइव्ह बसला की वाद्यातच एक कोरी डीडी फ्लॉपी फॉरमॅट करतो, त्यावर एक आवाज साठवतो, वाद्य बंद करून पुन्हा चालू करतो आणि तो आवाज परत वाचतो. वाद्य अर्धा तास तापू देऊन हेच पुन्हा करतो. दोन्ही वेळा आवाज निर्दोष वाजला, तरच मालकाची फ्लॉपी तिच्या पाकिटातून बाहेर काढतो.