डेंटल स्कूल (अमेरिका): २.८ जीपीए असूनही प्रवेश कसा मिळाला

लक्षण: १२० क्रेडिट, जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) २.८, रसायनशास्त्रात दोन सी. पहिल्या वर्षी मुलाखतीचं एकही बोलावणं नाही.

आधी दोन्ही सी असलेले विषय पुन्हा दिले. कॉलेजच्या गुणपत्रकात जुनी ग्रेड पुसली गेली, पण आडसासच्या (डेंटल स्कूलचे अर्ज एकत्र घेणारी सेवा, AADSAS) हिशेबात नवी आणि जुनी दोन्ही धरली जातात. नियम न वाचता एक अख्खं सत्र घालवलं, डोकं फिरलं.

मग आधी गणित मांडलं. १२० क्रेडिट २.८ ने, वर ३० क्रेडिट ४.० ने, म्हणजे एकूण फक्त ३.०४. एकूण आकडा हलत नाही, हे मान्य केलं. हलतो तो ग्रेडचा कल, आणि पदवीनंतरच्या विषयांचा जीपीए आडसास वेगळाही दाखवतं. म्हणून पोस्ट-बॅकमध्ये (पदवीनंतर घेतलेल्या विषयांत) वरच्या पातळीचे विषय घेतले: बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, हिस्टॉलॉजी. पहिल्या सत्रात दोनच. सगळे एकदम घेऊन बी आणण्यात अर्थ नव्हता. नोकरीचे तासही कमी केले, खरं दुखणं तेच होतं.

बायोकेमिस्ट्री संपल्यावरच डॅट (डेंटलची प्रवेश परीक्षा) दिली. शिफारसपत्रं याच विषयांच्या दोन प्राध्यापकांकडून घेतली, जुन्या ओळखीच्यांकडून नाही. निबंधात कमी ग्रेडबद्दल दोनच वाक्यं: काय झालं, काय बदललं. शेवटचे निकाल गुणपत्रकात चढल्यावरच, पण जूनमध्येच अर्ज पाठवला.

तीन मुलाखती, डिसेंबरात एक होकार.