मुलांची फी परदेशी पाठवताय? या चुका टाळा

जुलै-ऑगस्ट आला की परदेशी शिकायला निघालेल्यांच्या आई-बाबांची बँकेत धावपळ सुरू होते. काउंटरवर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘चार्जेस किती?’ समोरून उत्तर येतं, ‘पाचशे अधिक जीएसटी’ किंवा ‘तुम्हाला पूर्ण माफ’. मंडळी खूश होऊन सही करतात. खरा खर्च त्या पाचशेत नसतोच. तो चलनाच्या दरात असतो.

जर्मनीचंच बघा. तिथल्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याचे ९९२. हिशेब सोपा जावा म्हणून बाजारात युरो शंभर रुपयांना आहे असं धरू. एक बँक म्हणते, चार्जेस शून्य, दर १०२.२०. दुसरी म्हणते, चार्जेस हजार रुपये अधिक जीएसटी, दर १००.६०. पहिलीकडे तुम्ही बाजारभावाच्या वर २६,१८९ रुपये मोजले. दुसरीकडे चार्जेस धरूनही ८,३२२. ‘फुकट’ सेवा जवळजवळ अठरा हजारांनी महाग पडली, आणि पावतीवर ते कुठेच दिसत नाही.

गूगलवर दिसतो तो दर बँका सहसा देत नाहीत, पण मोजमाप करायला तो उपयोगी पडतो. बँकेला दोनच गोष्टी विचारा: आज टीटी सेलिंग रेट (परदेशी पैसे पाठवताना बँक चलन विकते तो दर) काय, आणि माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जाऊन तिकडे किती युरो जमा होतील? उत्तर ईमेलवर मागा, आणि एकाच दिवशी, साधारण एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून मागा. फलकावर लावलेला कार्ड रेट हा न विचारणाऱ्यांसाठी असतो. रक्कम मोठी असेल तर रिलेशनशिप मॅनेजर ट्रेझरीकडून, म्हणजे बँकेच्या चलन व्यवहार विभागाकडून, बरा दर आणू शकतो, फक्त त्याला सांगावं लागतं. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडवून घेणारे आपण दहा लाखांच्या व्यवहारात संकोचतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो. तेव्हा ॲपवर मिळणाऱ्या दरात बहुधा जोखमीची भर घातलेली असते, म्हणून कामाच्या दिवशी दुपारच्या आत उरका.

जीएसटीवर मात्र घासाघीस चालत नाही, कारण तो सगळीकडे सारखाच. चलन बदलण्यावरचा हा कर पूर्ण रकमेवर नसून कायद्याने ठरवलेल्या छोट्या मूल्यावर १८ टक्के असतो. एक लाखाला १८० रुपये, दहा लाखांना ९९०. यापेक्षा बरंच जास्त लावलं असेल तर फोड मागा.

पैसे निघाले, पण विद्यापीठ म्हणतं वीस-पंचवीस डॉलर कमी आले आणि प्रवेश अडकला. ही तक्रार दर मोसमात असते. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून, जाणारी रक्कम वाटेत मधल्या बँकेतून जाते आणि तीही आपला वाटा कापून घेते. फॉर्मवर खर्च कोण सोसणार याचे पर्याय असतात: अवर (सगळा पाठवणाऱ्याने), शेअर्ड (दोघांनी वाटून) आणि बेनिफिशरी (सगळा घेणाऱ्याने). न विचारता बहुधा ‘शेअर्ड’वर खूण होते. फी भरताना ‘अवर’ घ्या. थोडे जास्त पडतात, पण वीस-पंचवीस डॉलरच्या तुटीसाठी पुन्हा सगळी प्रक्रिया करावी लागत नाही.

तपशिलातल्या चुका वेगळ्याच. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) नसतो. अमेरिकेत बँकेची ओळख सांगणारा नऊ अंकी राउटिंग नंबर लागतो, ऑस्ट्रेलियात तसाच सहा अंकी बीएसबी. जर्मनी आणि ब्रिटनचा आयबॅन २२ अक्षरांचा असतो. एक अक्षर कमी दिसलं तर तिथेच थांबा. आपल्याकडचा खास घोळ म्हणजे मधलं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव जोडलेलं, विद्यापीठाच्या नोंदीत ते गाळलेलं, आणि पैसे पाठवणारी आई माहेरच्या नावाने खातं चालवते. मग पैसे कुणाचे हे तिकडच्या लेखा विभागाला कळत नाही. रेफरन्सच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक आणि ऑफर लेटरवर आहे तसंच नाव लिहा. ‘फीज फॉर माय सन’ असं काही लिहू नका.

पतसंस्थेतून परदेशी पैसे जात नाहीत, आणि सगळ्या सहकारी बँकांतूनही नाहीत. सारस्वत, कॉसमॉससारख्या मोजक्या मोठ्या नागरी बँकांकडे परकीय चलनाचा परवाना आहे. अधिकृत संस्थांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळते. तालुक्याच्या शाखेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) घेतात, पण कागद पुण्या-मुंबईच्या फॉरेक्स विभागात तपासले जातात. एक सही राहिली की दोन दिवस गेले. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी जाणं म्हणजे स्वतःच्या हाताने उशीर ओढवून घेणं.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक गोळा करते तो कर. याचा बाऊ फार होतो. हा खर्च नव्हे, आगाऊ कापलेला प्राप्तिकर आहे. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. त्यात १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. २०२५-२६ मध्ये त्यावरच्या रकमेला शिक्षणासाठी ५ टक्के आणि इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के असा दर होता. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेला टीसीएस नाही. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, तेव्हा पाठवण्याआधी चालू वर्षाचा दर पाहून घ्या.

इथे चूक होते ती कारण लिहिताना. शिकणाऱ्या मुलाचं घरभाडं आणि रोजचा खर्चही शिक्षणातच धरतात, त्यासाठी एस ०३०५ हा पर्पज कोड आहे. कुणीतरी ‘भेट’ किंवा ‘कुटुंबखर्च’ असं टाकतं आणि जास्तीचा दर लागतो. दुसरा गैरसमज असा की दोन बँकांतून पाठवलं की दहा लाखांची मर्यादा दोनदा मिळते. मर्यादा पॅनवर मोजतात, बँकेवर नाही. आई आणि बाबा दोघांनी आपापल्या पैशातून पाठवलं तर मात्र दोघांची मर्यादा वेगवेगळी. विवरणपत्रच न भरणाऱ्या आजोबांच्या खात्यातून सगळं पाठवलं, तर कापलेला टीसीएस परत मिळवायला त्यांना विवरणपत्र भरावं लागेल. नोकरदारांनी कापलेल्या टीसीएसची माहिती कंपनीला दिली, तर ऑक्टोबर २०२४ पासून तो पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करता येतो. वर्षभर पैसे अडकून राहत नाहीत.

सगळ्यात धोकादायक चूक घरगुती गोडीने होते. शेजारच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, ‘फी मी इथून डॉलरमध्ये भरतो, तुम्ही तेवढे रुपये आईच्या खात्यात टाका, बँकेचा खर्च कशाला?’ सगळे ओळखीचे, सगळे प्रामाणिक, आणि तरीही हा व्यवहार फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम ३ चा भंग आहे. गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय व्हिसाच्या वेळी पैशांचा माग दाखवायला हाती कागद नसतो. चार-पाच हजार वाचवायला ही जोखीम अजिबात घेऊ नये.

फसवणुकीच्या तऱ्हा साधारण तीन. पहिली, विद्यापीठाच्या नावाने ईमेल येतो की बँक खातं बदललंय. ईमेलला उत्तर देऊ नका, पोर्टलवर लॉगिन करून खातं ताडून पाहा किंवा वेबसाइटवरच्या क्रमांकावर फोन करा. दुसरी, एखादा ‘एजंट’ फीवर दहा टक्के सूट देतो. तो चोरीच्या कार्डाने फी भरतो, तुम्हाला पावती दिसते, तुम्ही त्याला पैसे देता आणि काही आठवड्यांनी कार्डाचा मालक तक्रार करतो आणि भरलेली फी रद्द होते. विद्यापीठ तुमच्याकडे पुन्हा पूर्ण फी मागतं. तिसरी म्हणजे न पाहिलेल्या खोलीची अनामत. ‘मालक परगावी आहे, पैसे आले की किल्ली पोस्टाने पाठवतो’ हे वाक्य दिसलं की चॅट बंद करा. पैसे गेलेच असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला लेखी रिकॉल (पैसे परत मागवण्याची) विनंती, दोन्ही एकाच वेळी.

फसवणूक नाही, पण पाच कामाचे दिवस उलटून गेले तरी पैसे पोचले नाहीत, तर घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नका. बँकेकडून स्विफ्ट कॉपी मागा. तिच्यावरचा यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा क्रमांक घेणाऱ्या बँकेला दिला की रक्कम कुठे अडकली ते शोधता येतं. नाव किंवा खाते क्रमांक चुकला असेल तर आपल्या बँकेतून दुरुस्तीचा संदेश जातो. त्याला थोडे चार्जेस पडतात, पण रक्कम परत मागवण्यापेक्षा ते स्वस्त.

मुलगा-मुलगी विमानात बसल्यावरही एक काम राहतं. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या परिपत्रकानुसार परदेशी शिकायला गेलेले विद्यार्थी फेमाखाली अनिवासी ठरतात. त्यांचं इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्यावं. बहुतेकांना हे चार वर्षांनी, पहिली नोकरी लागल्यावर कळतं.

आणि व्हिसा नाकारला गेला तर परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात मागा. परत येणारी रक्कम बँक खरेदीच्या दराने रुपयात बदलते, म्हणजे जाताना एक फटका आणि येताना दुसरा. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत विद्यापीठाने मागितलेली किमान अनामतच भरा, पूर्ण वर्षाची फी नको.