पहिला फोन तक्रारीचा नको

मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाल्यावरच्या पहिल्या पालकसभेत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आलेल्यांची मुलं वर्गात आधीच पुढे होती; ज्यांना भेटायचं होतं त्यांच्यापैकी कुणीच आलं नव्हतं. 'पालकांना आस्थाच नाही,' असं म्हणून मी मोकळी झाले. ती माझी चूक होती.

आठवड्याभरानं पाचवीतल्या एका मुलाच्या वडिलांना फोन केला. मुलगा आता न अडखळता वाचतो, एवढंच सांगायचं होतं. फोन उचलताच ते म्हणाले, "मॅडम, काय केलं त्यानं?" मी कारण सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "असा फोन पहिल्यांदाच आला." शाळेचा फोन म्हणजे तक्रार किंवा थकलेली फी, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं.

तेव्हापासून वर्षाच्या पहिल्या महिन्यात वर्गशिक्षक प्रत्येक घरी एक फोन करतात आणि त्यात मुलाबद्दल एक तरी चांगली, नेमकी गोष्ट सांगतात. शिक्षकांनी कुरकुर केली, ती रास्तच होती. म्हणून त्या महिन्यातले काही तक्ते-अहवाल मी पुढे ढकलले. वेळ न देता नुसतं परिपत्रक काढलंत, तर फोन यादीवर खूण करण्यापुरतेच होतील.

हजेरीवरून सहभाग मोजू नका, हे मी फार उशिरा शिकले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टीन यांनी पालकसहभागाचे सहा प्रकार मांडले आहेत. त्यात शाळेतल्या कामाला हातभार लावणं आहे, निर्णयात वाटा घेणं आहे, तसंच घरी अभ्यासाकडे लक्ष देणंही आहे. रात्रपाळी करणारी आई सभेला येत नसेल, पण 'आज काय शिकलास' असं रोज विचारत असेल, तर ती शाळेच्या कामात आहेच. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी २००९ मध्ये माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांविषयीचे ५० अभ्यास एकत्र तपासले. गृहपाठात मदत करण्यापेक्षा शिक्षणाचं मोल आणि पुढच्या वाटा यांविषयी मुलांशी बोलण्याचा प्रगतीशी जवळचा संबंध त्यात दिसला. ते वाचल्यापासून 'गृहपाठ करून घ्या' हे पालकांना सांगणं मी सोडलं.

आता दुसरी बाजू. दार उघडलं की सगळेच आत येतात. एकदा गुणांवरून चिडलेले पालक मधल्या सुट्टीत थेट वर्गात शिरले आणि मुलांसमोर माझ्या तरुण सहकारी बाईंना बोलले. मी पोचेपर्यंत त्या रडवेल्या झाल्या होत्या. त्यांच्यामागे उभं राहणं माझं काम होतं आणि त्यासाठीची व्यवस्था मी आधी केलीच नव्हती. आता चिडलेल्या पालकांना शिक्षक एकटे भेटत नाहीत. भेट माझ्या खोलीत होते. आधी पालकांचं म्हणणं पूर्ण ऐकायचं, मग वही समोर ठेवायची. ठरलं ते दोन ओळींत लिहून दोघांना द्यायचं. पेपर पुन्हा तपासून मागण्याचा हक्क पालकांना आहे. गुण किती द्यायचे हे मात्र शिक्षकच ठरवतात. हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगते, भांडण झाल्यावर नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त सूचना. कुणाच्याही मुलाचं नाव तिथे येत नाही. पालक समितीतही तेच चार मोठे आवाज घुमायला लागले, तेव्हा निम्मे सदस्य दरवर्षी बदलायचे ठरवलं आणि न बोलणाऱ्यांना आधी प्रश्न विचारायला लागले. यंदा पहिल्याच बैठकीत एक आजी म्हणाल्या, "सूचना वाचता येत नाहीत, बोलून पाठवा." तेव्हापासून प्रत्येक सूचनेसोबत आवाजातला निरोपही जातो.